वेटलिफ्टिंगमधून शाळेचं रसायनशास्त्र: शिक्षक आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

आठवी ते दहावीला विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी आणि ज्यांची मुलं संध्याकाळी व्यायामशाळेत जातात अशा पालकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. वेटलिफ्टिंग शिकवणं हा इथला उद्देश नाही. त्यासाठी प्रशिक्षक असतात.

वजन उचलणं हा तर भौतिकशास्त्राचा विषय. त्यात रसायन कुठून आलं?

बल, कार्य, गुरुत्वमध्य हे सगळं भौतिकशास्त्रातलं, मान्य. पण खेळाडू बारला हात लावण्याआधी तळव्यांना पांढरी पावडर चोळतो, ते कार्बोनेट आहे. बार पोलादाचा आहे आणि त्यावर दुसऱ्या धातूचा मुलामा आहे. प्लेटचं रबर गंधकाशिवाय तयार होत नाही. मंचावर जाण्याआधी काही जण नाकाशी कुपी धरतात, तिच्यातून अमोनिया येतो. आणि ज्या दोन-चार सेकंदांत बार डोक्यावर जातो, तेवढ्यात स्नायूंमध्ये जे घडतं ते तर निखळ रसायनच आहे.

म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. खेळाच्या उपमा देऊन शिकवणं वेगळं आणि खेळातले पदार्थ हातात देऊन शिकवणं वेगळं. 'अभिक्रियेला सुरुवातीची ऊर्जा लागते, जसा वजन उचलताना जोर लागतो' हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण त्यातून मुलाला नवीन काही कळत नाही. बोटाला लागलेल्या पावडरवर व्हिनेगर टाकलं आणि ती फसफसली, तर कळतं.

कोणत्या धड्यांना हे जोडता येतं?

राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकातले 'द्रव्याचे मोजमाप' आणि आम्ल-आम्लारी-क्षार हे धडे, दहावीचे 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे', 'धातुविज्ञान' आणि 'कार्बनी संयुगे'. दहावीच्या दुसऱ्या भागात जीवनप्रक्रियांमध्ये एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू) येतं, तेही इथेच बसतं. आवर्तसारणी मात्र ओढूनताणून जोडू नये. प्लेटच्या रंगांवरून आवर्तसारणी शिकवण्याची कल्पना अनेकांना सुचते, पण तिच्यात दम नाही.

हाताला लावतात ती पावडर म्हणजे फळ्याचा खडूच ना?

नाही, आणि हा प्रश्न अख्खा तास पुरवतो. व्यायामशाळेत तिला कुणी चॉक म्हणतं, कुणी नुसतं 'मॅग्नेशियम'. ती मॅग्नेशियम कार्बोनेट असते. साधा फळ्याचा खडू बहुतेक वेळा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा. पण धूळ कमी उडणारे काही खडू कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. तिन्ही पांढरे, तिन्ही बोटांना लागतात. ओळखायचे कसे?

आधी मुलांनाच उपाय सुचवू द्या. कुणीतरी आम्लाचं नाव काढतंच. तिन्हींवर व्हिनेगर टाकलं की जिप्सम तसंच राहतं आणि दोन्ही कार्बोनेटं फसफसतात. निघालेला वायू चुन्याच्या निवळीत सोडा, निवळी दुधाळ होते. म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आता उरलेली दोन कार्बोनेटं वेगळी कशी करायची? ज्योत परीक्षा करा: कॅल्शियमने ज्योत विटकरी लाल होते, मॅग्नेशियमने रंग येत नाही. दुसरा मार्ग विरल सल्फ्युरिक आम्लाचा, तो शिक्षकांनीच करून दाखवायचा. मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात विरघळतं, त्यामुळे पावडर शेवटपर्यंत फसफसत संपते. कॅल्शियम सल्फेट जेमतेम विरघळतं, त्याचा थर खडूच्या तुकड्यावर बसतो आणि फसफस अर्ध्यावर मंदावते. 'आम्ल शिल्लक आहे, खडूही शिल्लक आहे, मग अभिक्रिया का थांबली?' हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि पाच मिनिटं गप्प बसा.

जाता जाता हळदीचा कागदही करून बघा. गाळणकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायचा आणि त्यावर ओल्या पावडरचा ठिपका द्यायचा. लालसर तपकिरी छटा येते, पण फिकी आणि सावकाश, कारण पावडर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. खेळाडूला नेमकं हेच हवं असतं. घाम टिपला जावा, पण हातावर चिकट द्रावण होऊ नये.

वजन करून समीकरण पडताळता येईल का?

येईल, आणि सगळ्यांत जास्त वेळ याच प्रयोगाला द्यावा असं माझं मत आहे, कारण उत्तर चुकीचं येतं.

समीकरण असं: मॅग्नेशियम कार्बोनेटचा १ रेणू आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे २ रेणू मिळून मॅग्नेशियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांचा प्रत्येकी १ रेणू. कार्बोनेटचं रेणुवस्तुमान ८४, कार्बन डायऑक्साइडचं ४४. म्हणजे ४.२ ग्रॅम पावडरमधून २.२ ग्रॅम वायू निघायला हवा. चंचुपात्रात साधारण ६० मिली २ मोलार आम्ल घ्या आणि पात्र काट्यावर ठेवा. पावडर चिमटीचिमटीने टाका. एकदम टाकली तर फेस ओतू जातो आणि थेंब बाहेर उडतात. फसफस थांबल्यावर वजनात किती घट झाली ते पाहा.

घट २.२ ग्रॅम येत नाही. पुष्कळदा ती दीड ग्रॅमच्या आसपास येते. पहिली शंका काट्यावर जाते, दुसरी आम्ल कमी पडल्याची. दोन्ही तपासा. थोडा वायू पाण्यात विरघळून राहतो, पण तो जेमतेम ०.१ ग्रॅम. बाकीचा गेला कुठे?

उत्तर पुडीत आहे. बाजारातली ही पावडर बरेचदा शुद्ध मॅग्नेशियम कार्बोनेट नसते. त्यात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि स्फटिकजल असतं. कार्बोनेटचे ४, हायड्रॉक्साइडचा १ आणि पाण्याचे ५ रेणू असं सूत्र धरून हिशोब केला, तर ४.२ ग्रॅममधून वायू निघतो सुमारे १.५ ग्रॅम. समीकरण बरोबरच होतं, पदार्थ वेगळा होता. दहावीच्या मुलाला हे स्वतः शोधता आलं, तर शुद्धता, स्फटिकजल आणि मोल हे तीन शब्द त्याला पुन्हा पाठ करावे लागत नाहीत.

मोजमापातल्या काटेकोरपणाचं महत्त्व सांगायला उदाहरणही घरचंच आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात सांगलीच्या संकेत सरगरने एकूण २४८ किलो उचलले आणि त्याला रौप्य मिळालं. सुवर्ण गेलं २४९ किलोला.

बार गंजतो का? त्यातून काय शिकवावं?

गंजतो, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी तिन्ही एकत्र आले की गंज येतो, हे पुस्तकात आहेच. बारच्या बाबतीत दोन गोष्टींची भर पडते: घामातलं मीठ आणि समुद्राच्या हवेतलं मीठ. मिठामुळे पाण्यातून विद्युतवहन सहज होतं आणि क्षरणाचा वेग वाढतो. बारच्या ज्या भागावर खरबरीत नक्षी असते, ज्याला लेथवर काम करणारे नर्लिंग म्हणतात, तिच्या खाचांत पावडर आणि घाम साचून ओल धरून राहते. भिंग घेऊन एखादा जुना बार बघा. गंजाचे ठिपके आधी खाचांच्या तळाशी दिसतात, कडांवर नंतर.

वर्गात चार परीक्षानळ्या आणि चार खिळे पुरतात. एक खिळा हवेतली ओल शोषणाऱ्या निर्जल कॅल्शियम क्लोराइडसोबत कोरड्या हवेत, एक उकळून गार केलेल्या पाण्यात वरून तेलाचा थर देऊन, एक साध्या पाण्यात आणि एक मिठाच्या पाण्यात. आठवडाभर रोज नोंद ठेवायची.

मग व्यायामशाळेतल्या काकांना विचारायला सांगा की ते बार कसा पुसतात. नायलॉनचा ब्रश आणि शिलाई मशीनचं तेल, असं उत्तर येण्याची शक्यता आहे. तेल नेमकं काय अडवतं, हे मुलांनी सांगायचं.

पुष्कळ बारवर असतो तसा क्रोमियमचा मुलामा शाळेत देऊ नका. त्यासाठी लागणारी क्रोमियमची संयुगं विषारी असतात. विद्युत विलेपन दाखवायचं तर पितळी किल्लीवर तांबं चढवा. लोखंडी खिळा मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात बुडवला तर विजेशिवायच तांबं बसतं, पण ते भुसभुशीत असतं आणि बोटाने निघतं. ते विस्थापन झालं, विलेपन नव्हे. हा फरक परीक्षेतही विचारतात.

बार वाकतो आणि परत सरळ होतो. जुनी बिडाची प्लेट आपटली तर तडकते. लोखंड तर दोन्हीकडे आहे?

फरक मुख्यतः कार्बनचा. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते कठीण पण ठिसूळ. बारच्या पोलादात कार्बन एक टक्क्याहूनही कमी असतो, जोडीला इतर धातू थोडे मिसळलेले आणि वर उष्णतेची प्रक्रिया. म्हणून जड वजनाला बार धनुष्यासारखा वाकतो आणि सोडल्यावर पूर्ववत होतो. मोठ्या गटांतले खेळाडू जर्क करताना, म्हणजे खांद्यापासून बार डोक्यावर नेताना, या उसळीचा फायदा घेतात. 'संमिश्र म्हणजे काय' या प्रश्नाला याहून चांगलं उदाहरण शाळेच्या आसपास सापडणं अवघड आहे.

स्पर्धेतल्या रंगीत प्लेट कशाच्या असतात?

वर रबर, मध्ये धातू. लाल २५ किलो, निळी २०, पिवळी १५, हिरवी १०. या सगळ्यांचा व्यास सारखाच, ४५० मिलिमीटर. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होतं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधकासह रबर तापवण्याची युक्ती सापडली. गंधकाचे अणू लांबलचक रेणुसाखळ्यांना एकमेकींशी जखडतात, म्हणून आपटलं तरी रबर मूळ आकारात येतं. नव्या प्लेटचा जो उग्र वास येतो त्यात गंधकाच्या संयुगांचाही वाटा असतो. बहुवारिकांचा धडा चालू असेल तर एक प्लेट वर्गात आणा, वास घेऊ द्या, पुढे जा.

बारच्या दोन बाजू म्हणजे समीकरणाच्या दोन बाजू, असं शिकवलं तर चालेल?

अर्धं चालेल. उपमांबद्दल मी वर कुरकुर केली आहे, पण ही एक कामाची आहे, जर किलोऐवजी रंगांकडे पाहिलं तर.

एका बाजूला एक निळी प्लेट लावा, दुसऱ्या बाजूला दोन हिरव्या. दोन्हीकडे २० किलो, बार समतोल. तरी स्पर्धेत असं लावत नाहीत. दोन्ही बाजूंना तेच रंग, त्याच क्रमाने लागतात. समीकरण संतुलित करताना मुलं हीच गफलत करतात: एकूण आकडा जुळवतात, पण कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू हे बघत नाहीत. रंग जुळले की किलो आपोआप जुळतात. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू जुळले की वस्तुमान आपोआप जुळतं.

उपमा तुटते कुठे, तेही सांगायचं. अभिक्रियेत डावीकडचे अणू मोकळे होऊन उजवीकडे नव्या जोड्या करतात, बारवर असलं काही होत नाही.

मोलची कल्पना मुलांच्या डोक्यात शिरत नाही. काही उपाय?

२० किलोची बिडाची प्लेट बाकावर ठेवा. कार्बन सोडून ती सगळी लोखंडाची धरा. लोखंडाचे ५६ ग्रॅम म्हणजे १ मोल, तर २०,००० ग्रॅम म्हणजे सुमारे ३५७ मोल. त्याला अ‍ॅव्होगॅड्रो अंकाने, म्हणजे १ मोलमधल्या कणांच्या संख्येने, गुणलं की २१५ वर २४ शून्यं इतके अणू. आधी प्लेट उचलून बघायची आणि मग गणित करायचं, हा क्रम उलटा करू नका.

वजन उचलायला ऊर्जा येते कुठून?

टोकियो ऑलिंपिकमध्ये (झालं २०२१ मध्ये) मीराबाई चानूने ४९ किलो गटात क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) ११५ किलो उचलले. स्नॅचचे (बार एकाच झटक्यात डोक्यावर) ८७ धरून एकूण २०२, आणि रौप्यपदक. बार साधारण १.६ मीटर वर गेला असं धरू. ११५ गुणिले ९.८ गुणिले १.६, म्हणजे सुमारे १,८०० ज्यूल. एक ग्रॅम ग्लुकोजमधून श्वसनाने साधारण १५,६०० ज्यूल मिळतात. स्नायू त्यातला जेमतेम पाव भाग कामाला लावतात, बाकी उष्णता. तरी हिशोब अर्ध्या ग्रॅमच्याही आत येतो! चिमूटभर साखर. खेळाडूचं स्वतःचं शरीर उचललं गेलं ते यात धरलेलं नाही, ते धरून मुलांना पुन्हा गणित करू द्या.

मग साखर खाऊन कुणीही ११५ किलो का उचलत नाही? कारण प्रश्न किती ऊर्जेचा नाही, किती सेकंदांत हा आहे. ग्लुकोजचं पूर्ण ज्वलन संथ. उचलण्याच्या क्षणी वापरलं जातं ते स्नायूत तयार असलेलं एटीपी, आणि ते संपू नये म्हणून फॉस्फोक्रिएटिन आपला फॉस्फेट गट एडीपीला (एटीपी वापरल्यावर उरतं ते) देऊन लगेच नवं एटीपी बनवतं. हा साठा साधारण दहा सेकंदांच्या जोराला पुरतो. तो बऱ्यापैकी भरून यायला एक-दोन मिनिटं आणि पूर्ण भरायला त्याहून जास्त. स्पर्धेत एकाच खेळाडूचे दोन प्रयत्न लागोपाठ आले तर त्याला एकाऐवजी दोन मिनिटं मिळतात, त्याचं महत्त्व इथे कळतं.

हुशार मुलगी इथे अडवते: 'सर, बंध तोडायला ऊर्जा लागते असं तुम्हीच सांगितलं. मग एटीपीचा बंध तुटला की ऊर्जा मिळते कशी?' शंका रास्त आहे. नुसता बंध तुटून ऊर्जा मिळत नाही. एटीपीची पाण्याशी अभिक्रिया होते, नवे आणि अधिक स्थिर बंध तयार होतात, आणि जमाखर्चात ऊर्जा शिल्लक राहते. प्रमाण परिस्थितीत मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल.

दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे ना?

नाही. लॅक्टेट तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचं आणि त्यांच्या दुरुस्तीचं असतं. व्यायामशाळेत वर्षानुवर्षं लॅक्टिक आम्लाचंच कारण सांगितलं जातं, त्यामुळे मुलांशी वाद होईल. होऊ द्या.

नाकाशी धरतात ती कुपी वर्गात दाखवावी का?

कुपी नको. अमोनियाच्या झटक्याने श्वास खोल घेतला जातो आणि तरतरी आल्यासारखं वाटतं, पण मुलांनी ते हुंगण्यासारखं नाही. त्याऐवजी शिक्षकांनी अमोनियम क्लोराइड आणि विरलेला चुना एकत्र किंचित तापवावं, परीक्षानळीच्या तोंडाशी ओला लाल लिटमस धरावा. तो निळा होतो. खिडक्या उघड्या ठेवा.

प्रोटीन, क्रिएटिन, स्टेरॉइड याबद्दल मुलं विचारतात. उत्तर द्यावं की टाळावं?

द्यावं. टाळलं तर इंटरनेट देतं. प्रोटीन पावडर म्हणजे बहुधा दुधातलंच प्रथिन. डाळ, अंडी, दूध नीट मिळत असेल तर शाळकरी मुलाला पावडरच्या डब्याची गरज नसते. क्रिएटिन हे वर सांगितलेल्या फॉस्फोक्रिएटिनचंच मूळ. त्यावर बंदी नाही, तरी वाढत्या वयात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. टेस्टोस्टेरॉनच्या धर्तीवर बनवलेल्या स्टेरॉइडवर मात्र बंदी आहे.

इथे रसायनशास्त्राची एक चांगली बाजू दाखवता येते. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकमधले साठवून ठेवलेले नमुने पुढे सुधारित पद्धतींनी पुन्हा तपासले गेले आणि अनेकांची पदकं परत घेतली गेली. सर्वाधिक फटका बसलेल्या खेळांत वेटलिफ्टिंग होतं. औषध शरीरातून गेलं तरी त्याचे चयापचयातून बनलेले अवशेष बराच काळ राहतात आणि वस्तुमान मोजणारी यंत्रं ते ओळखतात.

या तासाला मुलांनी वजन उचलायचं का?

उचलून बघायला एखादी प्लेट, तीही मोठ्यांच्या हाताखाली. स्नॅच आणि जर्क प्रशिक्षकाशिवाय अजिबात नाही. चांगले प्रशिक्षकही नवख्याच्या हाती आधी नुसती काठीच देतात.

आमच्या गावात वेटलिफ्टिंग नाही, तालीम आहे.

मग तालमीपासून सुरू करा. हौद्याच्या लाल मातीत ताक, लिंबू, हळद, तेल घालतात. ती माती पाण्यात कालवून, गाळून तिचा सामू (पीएच) तपासा. मल्लखांबाला एरंडेल चोळतात आणि बार धरणारा हाताला पावडर लावतो. एकाला घर्षण कमी हवं, दुसऱ्याला जास्त, आणि दोन्ही कामं रसायनावर सोपवलेली.

परीक्षेत याचा उपयोग होईल?

प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी वहीत संतुलित समीकरण, पदार्थांच्या अवस्था आणि अभिक्रियेचा प्रकार लिहून घेतला तर होईल. नुसती मजा करून घंटा वाजली तर नाही.

सामान किती लागतं?

खेळाच्या दुकानातली मॅग्नेशियम पावडरची एक पुडी, दोन प्रकारचे खडू, व्हिनेगर, हळद, खिळे, मोरचूद, आणि दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवणारा छोटा काटा. विरल आम्लं आणि चुन्याची निवळी प्रयोगशाळेत असतात. पावडर पंख्याखाली उघडू नका, ती नाकातोंडात जाते. वापरलेली आम्लं खाण्याच्या सोड्याने उदासीन करून मगच मोरीत ओता. मोरचुदाचं द्रावण मात्र मोरीत जाऊ देऊ नका, बाटलीत भरून पुढच्या तुकडीसाठी ठेवा. प्लेट व्यायामशाळेतून मागून आणता येते, फक्त संध्याकाळची बॅच सुरू व्हायच्या आत परत पोचवा.